उलट्या पायांची मोठीमाय

फ्लेक्सवरच्या माणसाला पाय नसतात. पुढारी असो, वाढदिवसवाला भैया असो, नाहीतर बोर्डात पहिली आलेली पोरगी असो, कमरेच्या खाली एक तर गुलाबाची फुलं येतात, नाहीतर मोबाइल नंबर. बालाघाटच्या काली पुतली चौकाजवळच्या एका दुकानात पौर्णिमा मेश्राम दिवसभर हेच काम करायची. माणूस कापायचा, गोरा करायचा, आणि तो पाटीच्या मध्याकडे पाहत नसेल तर त्याला मिरर मारायचा. मिरर मारला की हातातलं घड्याळ दुसऱ्या मनगटात जातं, केसांचा भांग बाजू बदलतो. पण तक्रार घेऊन कुणी आलेलं तिला आठवत नव्हतं. आपलं तोंड चौकात लागलं, यातच माणूस गार होतो.

तिचा हात या कामात असा बसला होता की गिऱ्हाईक अजून सांगतच असायचं आणि इकडे निम्मी पाटी तयार. तरी कुणी कौतुक केलं तर ती नाक मुरडायची. "हे काय काम आहे? हे तं पोटासाठी. माहं काम घरी आहे."

घर म्हणजे मोठीमायचं घर. मोठीमाय म्हणजे तुळसाबाई, पौर्णिमेच्या आईची थोरली बहीण. आई गेली तेव्हा पौर्णिमा शाळेत होती, वडील नागपूरला कामाला. तुळसाबाई त्याच्या कितीतरी आधी नवऱ्याचं घर सोडून बालाघाटात आलेली. एकीला लेकरू नव्हतं, दुसरीला आई नव्हती, दोघींचं जमलं ते जमलंच. नवऱ्याले काहून सोडलं, असं पौर्णिमेनं लहानपणी विचारलं होतं. "पेत होता," एवढंच उत्तर मिळालं. दारू पिणाऱ्या नवऱ्याबद्दल आणखी काय विचारायचं? तिनं पुन्हा विचारलं नाही.

मोठीमाय शाळेच्या फाटकापाशी मुर्रा-फुटाणे विकायची. मुर्रा म्हणजे मुरमुरे. त्यात फुटाणे, कांदा, हिरवी मिरची, वरून तेलाची धार, आणि कागदाचा पुडा. मधल्या सुट्टीत पोट्टे तिच्याभोवती असे गोळा व्हायचे की ती दिसायचीही नाही, नुसता आवाज यायचा, "अरे थांब ना बे, हात आहे का मशीन आहे माही?"

आणि पौर्णिमेचं खरं काम काय, तर गेमसाठी चित्रं काढणं. मोठ्या कंपन्यांचे भलेमोठे गेम नव्हेत. जगभरात कितीतरी माणसं एकटी-दुकटी, नोकरी सांभाळून, लहान लहान गेम बनवतात. त्यांना कोडिंग येतं, चित्रं येत नाहीत. त्यांच्यासाठी ही ठिपक्यांची चित्रं काढायची. एक एक चौकोनी ठिपका रंगवत जायचा, रुमालावर टाके भरत जावं तसा, आणि शेवटी त्यातून माणूस उभा राहतो. चार-सहा चित्रं एकामागून एक फिरवली की तो माणूस चालायला लागतो. बुद्धाच्या तसबिरीखाली मांडलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर तिनं असा एक संचच तयार केला. बैलबाजार, चहाची टपरी, भरवेलीच्या खाणीवर सायकलनं जाणारे कामगार, कडुनिंब, बकऱ्या, आणि डोक्यावर टोपली घेतलेली, हातभर गोंदण असलेली, जराशी वाकलेली एक म्हातारी. फाइलचं नाव तिनं ठेवलं 'मोठीमाय'. दुसरं काय ठेवणार?

संच तिनं इंटरनेटवर फुकट टाकला. कुणीही घ्या, काहीही बनवा, फक्त माझं नाव लिहा. मग दर रविवारी आपल्या पानावर एखादं नवं हलतं चित्र टाकायचं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत लोकांना उत्तरं द्यायची, कुणी चूक दाखवली तर दुरुस्त करायची, असं करत करत तिचं ते छोटंसं पान वाढत गेलं. सगळ्यात जास्त भाव म्हातारीला आला. ब्राझीलच्या एका माणसानं तिला आपल्या गेममध्ये शेतकऱ्याची आजी केलं. पोलंडमधल्या एका बाईनं तिला औषधी मुळ्या विकायला बसवलं. पौर्णिमेनं ते मोठीमायला दाखवलं तेव्हा तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "इतकी वाकली काय वं मी? अन् हे गोऱ्याइच्या देशात मी काय विकून राह्यलो?" मग पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत बसली. पौर्णिमेला तो दिवस फार सुखाचा गेला.

एका दुपारी तिचा मामेभाऊ अंकित दुकानात धावत आला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे शहरातल्या पोरांच्या फोनमध्ये काय चाललंय ते त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं.

"पौर्णिमा, मोठीमाय आपल्या बालाघाटच्या पोट्ट्याइच्या मोबाइलमंदी आली! गिऱ्हाइकाच्या फोनमंदी पाह्यली मी. खाली तुह्यं नाव बी आहे."

पौर्णिमा खुर्चीतून उठलीच. ब्राझील झालं, पोलंड झालं, पण आपल्या गावातली पोरं आपण काढलेल्या चित्रांशी खेळताहेत, याची मजा काही वेगळीच होती. पूर्ण खेळ अंकितनंही पाहिला नव्हता. त्यानं गेम आपल्या फोनमध्ये उतरवून घेतला आणि तिच्या पुढ्यात धरला.

गाव तिचंच. कडुनिंब तिचाच, टपरी तिचीच, बकऱ्यासुद्धा तिच्याच. पडद्याच्या उजव्या कडेनं टोपली घेऊन मोठीमाय आली आणि डावीकडे चालू लागली. पौर्णिमेच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. तेवढ्यात खालून एक हात वर आला. हातात दगड होता.

"मार ना, दाब," अंकित म्हणाला आणि त्यानंच दाबलं. दगड म्हातारीला लागला. टोपली पडली. ती कळवळून मागं सरली, हातानं डोकं झाकलं, आणि वर पिवळ्या अक्षरांत आलं, 'टोनही भागी! अगला गाँव.'

अंकितचं हसू जागच्या जागी विरलं. पौर्णिमेच्या तोंडचं पाणी पळालं.

टोनही हा शब्द या भागात कुणी गमतीत घेत नाही. टोनही म्हणजे करणी करणारी बाई. लेकरू तापानं गेलं, म्हैस आटली, पीक बसलं, की गावाला एक बाई लागते. बहुतेक वेळा एकटी, निपुत्रिक, नाहीतर जरा फटकळ. एकदा हे नाव लागलं की धुऊन निघत नाही. आणि तो शब्द आता तिच्या मोठीमायच्या डोक्यावर लिहिला होता, तिनंच रंगवलेल्या कडुनिंबाखाली, आणि शेजारी बारीक अक्षरांत 'चित्र : पौर्णिमा' असंही छापलेलं होतं.

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुकानातल्या कॉम्प्युटरवरूनच तिनं गेम बनवणाऱ्याला लिहिलं. कुणी विवेक नावाचा कॉलेजचा पोरगा होता, इंदूरकडचा. हिंदीत जेवढ्या शिव्या सभ्य वाटतात तेवढ्या सगळ्या तिनं त्यात घातल्या. गरीब म्हाताऱ्या बाईला दगड मारायला लावतोस, लाज नाही वाटत? मी माझी मावशी काढली होती, मी टोनही काढली नव्हती.

उत्तर लगेच आलं. पोरगा भांडकुदळ नव्हता, उलट बिचारा गोंधळलेला होता. 'दीदी, माफ़ करना, पर आपने ही तो चुड़ैल बनाई थी. नाम भी कुछ मंत्र जैसा था, मोठीमाय. और पाँव देखिए ना. पाँव उलटे हैं.' सोबत त्यानं चित्र मोठं करून पाठवलं होतं.

पौर्णिमेनं ते उघडलं. टोपली डावीकडे, नाक डावीकडे, वाकलेली पाठ बरोबर. आणि लुगड्याच्या काठाखाली ठिपक्यांचे दोन पाय, त्यांची बोटं उजवीकडे. टाचा पुढं.

ती पाहतच राहिली. उजवीकडे चालणारी म्हातारी तिनं हातानं काढली होती. डावीकडे चालणारी करायला नेहमीसारखा मिरर मारला होता. पण पाय हलवायचे म्हणून ते वेगळ्या थरावर काढलेले होते, आणि मिरर फक्त वरच्या थराला लागला होता. अंग फिरलं, पाय तसेच राहिले. तिनं तोंड तपासलं होतं, टोपली तपासली होती, गोंदण तपासलं होतं. पायांकडे तिनं पाहिलंच नव्हतं. वर्षानुवर्षं जिच्या हाताखालून माणसं कमरेपर्यंतच गेली, तिची नजर कमरेखाली उतरणार तरी कशी? ब्राझीलच्या माणसाला ते चार ठिपके म्हणजे चपला वाटल्या असतील. आपल्याकडच्या पोराला मात्र एका नजरेत कळलं. उलट्या पायांची बाई कोण असते, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

म्हणजे टोनही आपणच काढली. अंकित काहीतरी समजावत होता, तिला ऐकू येत नव्हतं. तिनं तिथंच संच उघडला, पाय फिरवले, पुन्हा पुन्हा चालवून पाहिले, नवी चित्रं पानावर चढवली आणि विवेकला पाठवली. लिहिलं, गलती मेरी थी, पाँव ठीक कर दिए हैं, बदल दो. मग मालकाला डोकं दुखतंय सांगून निघाली. मनातून मात्र तिला थोडं हलकं वाटत होतं. चूक होती, सापडली, सुधारली.

शाळेच्या फाटकापाशी मोठीमायची जागा रिकामी होती. शाळा सुटायची वेळ, धंद्याची वेळ, आणि नुसतं पोतं अंथरलेलं. पौर्णिमा जवळजवळ पळतच घरी आली.

मोठीमाय जमिनीवर बसून पिशवी भरत होती. दोन लुगडी, कंगवा, पाण्याची बाटली, औषधाची पट्टी.

"कुठं चालली वं?"

"किरनापूरले. कमलाच्या घरी." कमला म्हणजे तिची जुनी ओळखीची. "तू इथंच राहा. तुले कोणी काही म्हणणार नाही. मी जातो."

"अवं पण काहून?"

मोठीमायनं हातातलं लुगडं खाली ठेवलं. चेहरा राखेसारखा झाला होता. "इथं कोणं सांगतलं वं? मी तं कोणापाशी बोलली नाही. तुह्या मायलेबी मी किरिया घातली होती, कोणाले सांगू नोको म्हून."

"काय सांगतलं?"

"पोट्ट्याइले माहीत झालं. फाटकापाशी मले पाहून म्हणे, टोनही आली. एकानं मोबाइल दाखवला. त्यात मीच. दगडबी तसेच."

पौर्णिमा घाईघाईनं बोलू लागली की अवं तो गेम आहे, ते चित्र मी काढलेलं आहे, कुणी काही सांगितलेलं नाही, आणि बोलता बोलताच तिची जीभ अडखळली. माहीत झालं म्हणजे काय माहीत झालं? दगड तसेच म्हणजे कसे?

ती तिच्यापुढं खाली बसली. मोठीमाय तिच्याकडे पाहत नव्हती, पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती, आणि बोलत होती.

लामत्याच्या पलीकडं एका खेड्यात तिचं सासर. दिराचं लेकरू तापानं गेलं. त्याच्या आदल्या दिवशी हिनं त्याला मांडीवर घेऊन भात भरवला होता. स्वतःचं मूल नाही म्हणून ती त्याला जीव लावायची. तेच तिच्या अंगावर आलं. गावानं बैठक बसवली. नवरा बैठकीत होता. तो प्यायलेला नव्हता, चांगला शुद्धीत होता, आणि खाली मान घालून बसला होता.

"पेत होता, असं मी तुले खोटं सांगतलं," मोठीमाय म्हणाली. "पेत असता तं बरं झालं असतं."

पौर्णिमेला रडूही येईना. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, एका पांघरुणात झोपलो, आणि ही बाई एवढं पोटात घेऊन फाटकापाशी पोरांना मुर्रा वाटत होती. आणि आपण काय केलं? आपण त्या बाईला उचललं, तिचे पाय उलटे केले आणि जगभर फुकट वाटली.

"मोठीमाय, माही चूक आहे," ती म्हणाली. "चित्रात तुहे पाय उलटे राह्यले होते माह्या हातानं. म्हून त्या पोरानं तुले टोनही समजलं. पण मी दुरुस्त केलं. पाह्य, आता पाय सरळ आहेत." तिनं फोन पुढं धरला. पडद्यावर मोठीमाय टोपली घेऊन डावीकडे चालत होती, बोटं पुढं, टाचा मागं, जशी कोणतीही बाई चालते तशी.

मोठीमायनं फोन हातात घेतला. बराच वेळ पाहिलं.

"तवाबी सरळच होते, बाई," ती म्हणाली. "बैठकीसमोर राख पसरली होती. म्हणे चाल. मी चालली. पाय उमटले, सरळ उमटले, सगळ्याइनं वाकून वाकून पाह्यले. मले वाटलं, सुटलो. तं एक बुढा म्हणे, पाहा, कशी चालाख आहे, आपल्यासमोर पाय सुलटे करते."

नेमका तेव्हाच मोठीमायच्या हातातला फोन वाजला. विवेकचा निरोप होता. पौर्णिमेनं फोन घेऊन वाचला. 'थैंक यू दीदी, नए पाँव डाल दिए. अब टोनही एकदम असली लगती है.'

तिनं त्या पोराला फोन लावला. आधी ती ओरडली, मग तिनं मोठीमायनं सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं, राख, बैठक, बुढा, सगळं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "दीदी, मैंने सोचा ये सब पुरानी कहानियाँ होती हैं." त्यानं त्याच संध्याकाळी गेम काढून टाकला. पण ज्यांच्या फोनमध्ये तो उतरला होता त्यांच्या फोनमधून काढणं त्याच्या हातात नव्हतं, आणि पौर्णिमेच्या तर मुळीच नव्हतं. पानावर तिनं लिहिलं की ही म्हातारी माझ्या घरची आहे, कृपा करून तिला कुठंही मारू नका. ब्राझीलवाल्यानं खाली लाल बदाम पाठवला. बाकी कुणाकुणाकडे ती कोणत्या रूपात फिरत होती, देव जाणे.

राहिली होती ती पिशवी. पौर्णिमा तिच्याकडे चोरून पाहत होती. अडवायचा आपल्याला हक्क आहे असं तिला वाटत नव्हतं. मोठीमायनं आपणहून बंद सोडला आणि लुगडी परत दोरीवर टाकली.

"नाही जात?"

"एकदा गेलती ना गाव सोडून," मोठीमाय करवादून म्हणाली. "काय झालं जाऊन? ते मोबाइलात बसून मागं आलं. आता किरनापूरले मोबाइल नाहीत काय?"

दुसऱ्या दिवशी पौर्णिमेनं सुट्टी टाकली आणि ती फाटकापाशी मोठीमायच्या शेजारी पोत्यावर बसली. मधली सुट्टी झाली. पोरं बाहेर आली आणि रोजच्यासारखी धावली नाहीत. जरा लांब घोळका करून उभी राहिली. कुणीतरी कुणाला ढकललं, कुणीतरी खिदळलं. पौर्णिमा उठून उभी राहिली. चित्र मी काढलं, चूक माझी, ही माझी मोठीमाय, असं तिनं मोठ्यानं हिंदीत सांगितलं. पोरांनी ऐकून घेतलं. मास्तरांचं ऐकतात तसं. मग त्यातल्या एकीनं धीर केला. दोन वेण्यांची, दुसरी-तिसरीतली पोरगी, रोजची गिऱ्हाईक. ती पुढं आली, तिनं मोठीमायच्या पायांकडे पाहिलं, मग पौर्णिमेकडे हात केला.

"दीदी, आप दो."

मोठीमायनं माप पौर्णिमेपुढं धरलं. ते घ्यावं की न घ्यावं, पौर्णिमेला कळेना. शेवटी तिनं मान हलवली. "इथं मोठीमायच देते," ती म्हणाली. "रोज हीच देत होती ना तुले?" पोरीनं थोडा विचार केला. मुर्ऱ्यावर मिरची-कांदा पडला होता, त्याचा वास येत होता. तिनं डोळे घट्ट मिटले आणि हात पुढं केला.

मोठीमायनं पुडा तिच्या हातावर ठेवला. पोरगी पळाली. पण लांब गेली नाही. कोपऱ्यावर एक बकरी उभी होती, तिच्यापुढं तिनं चार दाणे टाकले आणि कमरेवर हात ठेवून बकरीकडे टक लावून पाहत राहिली. बकरीनं ते खाल्ले, मान वर केली, अजून मागितले. मग पोरीनं आपला पहिला घास घेतला, आणि लांब उभा असलेला घोळका हळूहळू पोत्याकडे सरकू लागला.

पौर्णिमेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मोठीमायनं सगळं पाहिलं होतं.

"पाह्य, बकरी काही मेली नाही," ती म्हणाली, आणि पुढच्या पुड्यासाठी कागद वळायला घेतला.